काजूवाल्यांच्या घरात काजूची ॲलर्जी

आमच्या घरात पैसा येतो तो काजूतून, आणि आमच्या थोरलीला काजू चालत नाही. कुडाळजवळ आमचं छोटंसं काजू प्रक्रियेचं युनिट आहे. बी वाफवायची, कटरवर फोडायची, गर सुकवायचा, साल काढायची आणि मग दोनशे चाळीस, तीनशे वीस (हे आकाराचे नंबर), पाकळी, तुकडा असा माल निवडायचा. नवरा माल बघतो, हिशेब मी बघते. अशा घरात "मुलीला काजू बाधतो" म्हटल्यावर सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "काजी कोणाक बाधता गो? आमी काजीखालीच वाडलव."

त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या माहितीत असं कोणी नव्हतंच. आणि काजूवर संशय जायच्या आधी आम्ही इतर इतक्या गोष्टींवर संशय घेतला होता, की त्यात काजू म्हणजे आणखी एक भर, एवढंच त्यांना वाटलं.

सुरुवात झाली गणपतीत. थोरली तेव्हा दोनेक वर्षांची. घर भरलेलं, दिवसभर हिच्या हातात कोणी ना कोणी काहीतरी ठेवत होतं. शिरा, मोदक, खिरापत, पाहुण्यांनी आणलेला केक, काळ्या वाटाण्याची आमटी. संध्याकाळी अंगभर गांधी उठल्या, वरचा ओठ सुजला, एक उलटी झाली. कोणीतरी आमसुलाचं पाणी लावलं, डॉक्टरांनी ॲलर्जीचं औषध दिलं, आणि ती झोपली. सकाळी अंग स्वच्छ.

मग प्रत्येकाने आपापला गुन्हेगार पकडून आणला. काकींच्या मते केकमधलं अंडं. शेजारणीच्या मते दूध आणि मासे एका दिवशी पोटात गेले म्हणून. सासूबाईंचा राग वांग्यावर. बाजारातल्या डॉक्टरांनी कागदावर यादी लिहून दिली: अंडं, मासे, शेंगदाणे, वांगं, टोमॅटो, चॉकलेट सहा महिने बंद. मुलगी कोकणातली, आणि तिला मासे नाहीत, अंडं नाही, दाण्याचं कूट नाही! पेज, दही, बटाटा आणि डाळभात. अंगणवाडीत वजन करायला नेली की काटा हलेना. आणि एवढं करून दिवाळीच्या सुमारास पुन्हा गांधी आल्याच.

तेव्हा माझी हिशेबाची खोड जागी झाली. ज्या नावापुढे पावती नाही ते खात्यात राहणार नाही, असं ठरवलं आणि मालाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. काय खाल्लं, किती वाजता, अंगावर काय उठलं, किती वेळाने उठलं, किती वेळात गेलं, त्या दिवशी ताप-सर्दी होती का, कुठलं औषध चालू होतं का, आणि तेच जेवण जेवलेल्या दुसऱ्या कोणाला काही झालं का. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तो कामाला आला बांगड्याच्या बाबतीत. यादी लिहून मिळायच्या आधीचीच गोष्ट, पण मला आठवत होती म्हणून मागाहून नोंदवली. एकदा बांगड्याची कढी खाऊन थोरली लालबुंद झाली होती. पण त्याच रात्री नवऱ्याचंही तोंड तापलं होतं, डोकं दुखत होतं आणि माझ्या जिभेला झिणझिण्या. ॲलर्जी एका घरात तिघांना एका पानावर होत नाही. बांगडा, कुपा, गेदर असले मासे पकडल्यावर बर्फात नीट राहिले नाहीत, तर त्यांच्या मांसात जिवाणू हिस्टामिन तयार करतात. शरीर ॲलर्जीत जे द्रव्य सोडतं तेच हे, फक्त आयतं ताटात आलेलं. उकळून, तळून ते जात नाही. दोष माशाच्या ताजेपणाचा, पोरीचा नाही. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ताजा बांगडा दिला, तिने दोन तुकड्या खाल्ल्या आणि खेळायला गेली.

टोमॅटोचाही असाच निकाल लागला. सार प्यायली की ओठांभोवती लाल व्हायचं, पण जिथे सार लागलं तिथेच, आणि अर्ध्या तासात नाहीसं. लाळ गळणाऱ्या पोरांच्या नाजूक कातडीला आंबट रस चुरचुरतो. पोटावर, पाठीवर काही नाही, उलटी नाही. जेवायच्या आधी ओठांना जरा खोबरेल लावलं की तेवढंही होत नसे. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, खाल्ल्यावर तिचा घसा खवखवायचा, पण बोंडूने कोणाचा खवखवत नाही? त्यातल्या तुरट द्रव्याने माझाही धरतो. म्हणून तर मीठ लावून खातात.

दिवाळीतल्या गांधींची नोंद वेगळीच निघाली. त्या चार-पाच दिवस येत-जात होत्या. सकाळी मांडीवर, दुपारी मांडी साफ आणि पाठीवर. जेवणाशी काही मेळ नाही. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात तिला ताप, सर्दी होती. मुलांच्या अंगावर अचानक पित्त उठायचं सगळ्यात नेहमीचं कारण विषाणूचा ताप हेच असतं, खाणं नंतर येतं. खाण्याची खरी तत्काळ ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते आणि एका दिवसात निवळते. चार दिवस रेंगाळणाऱ्या गांधींसाठी चार दिवसांपूर्वीच्या अंड्याला धरून उपयोग नाही.

अशी एकेक ओळ खोडत गेल्यावर वहीत जे उरलं ते डोळ्यांत भरण्यासारखं होतं. गणपतीतला शिरा आणि खिरापत. एका लग्नातली पनीरची भाजी, दोन घास. मार्चमधली ओल्या काजूगरांची उसळ, तीही रस्सा फक्त. तिन्ही वेळा पाच-दहा मिनिटांत ओठ, मग गांधी, दोनदा उलटी. तिन्ही वेळा ताप नाही, औषध नाही, बाकी कोणाला काही नाही. पनीरच्या भाजीतली दाटी कशाची होती ते मी आचाऱ्याला जाऊन विचारलं. काजूची पेस्ट. तो आम्हाला ओळखत होता. "वहिनी, माल तुमचाच," म्हणाला.

मग कोल्हापूरला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं आधी रक्त काढतील. डॉक्टर बाईंनी आधी वही मागितली आणि पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. मग हातावर टोचून बघायची चाचणी केली, तीही मोजक्याच पदार्थांची: काजू, पिस्ता, बदाम, अक्रोड, शेंगदाणा, अंडं. द्रावणाचा थेंब ठेवायचा, त्यातून कातडीला बारीक टोचायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ॲलर्जीच्या गोळ्या-सिरप आठवडाभर आधी बंद ठेवायला सांगितलं होतं, नाहीतर हात काही बोलत नाही. काजूला चांगली मोठी गांधी आली, पिस्त्याला त्याहून जराशी लहान. बदाम, अक्रोड, अंडं शांत. आणि शेंगदाण्याला एक बारीकशी उठली.

माझ्या पोटात गोळा आला. घरात शेंगदाण्याशिवाय काय शिजतं? पण बाईंनी विचारलं, शेंगदाणा बंद केला त्याआधी ती खात होती का? खात होती. चटणी, कोशिंबिरीतलं कूट, उपासाची खिचडी, रोजचं. कधी काही झालं? कधीच नाही. "मग तिला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही. आजपासून पुन्हा सुरू करा आणि बंद करू नका."

ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. चाचणी फक्त एवढं सांगते की शरीराने त्या पदार्थाची ओळख नोंदवून ठेवली आहे. खाल्ल्यावर त्रास होणं ही वेगळी गोष्ट. कर्नाटकातल्या प्रौढांची एक पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, पण खाण्याची ॲलर्जी असण्याची शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास लोकांतच दिसली. नुसत्या अहवालावरून ताट रिकामं करायचं ठरवलं, तर या मधल्या सगळ्या लोकांना उपाशी ठेवावं लागेल. वही आणि चाचणी दोन्ही एकच नाव घेतात तेव्हा खात्री धरायची. दोघांचं जुळत नसेल, तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, दवाखान्यात, थोडं थोडं वाढवत तो पदार्थ खायला देऊन बघतात. शेवटचा शब्द त्या परीक्षेचा. घरी मात्र ती करायची नाही.

आमच्या बायकांनी, म्हणजे युनिटवर बी फोडणाऱ्यांनी, ही बातमी ऐकून मला आपले हात दाखवले. "आमकांय ॲलर्जी आसा." टरफलातलं तेल उतलं की कातडी भाजल्यासारखी होते, सोलते. म्हणून तर राख, तेल, हातमोजे. पण ते प्रकरण वेगळं आहे. टरफलातलं तेल तिखट असतं, बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या चिकाच्या जातकुळीतलं, आणि ते कातडीवर काम करतं. काजू, पिस्ता, आंबा, बिब्बा ही सगळी एकाच कुळातली झाडं. थोरलीला बाधतं ते गरातलं प्रथिन. ते भाजून, तळून, उकडून जात नाही. हापूस मात्र ती खुशाल खाते. काजू आणि पिस्ता यांची प्रथिनं एकमेकांसारखी असल्याने ती दोघं बहुतेकदा जोडीने येतात.

याच सुमारास एका नातेवाइकाने मोबाइलवर जाहिरात पाठवली: रक्ताच्या एका नमुन्यात दोनशेवर पदार्थांची तपासणी, घरी येऊन नमुना नेणार. ओळखीतल्या एका मुलाची ती केलेलीही होती. अहवालात तांदूळ, गहू, दूध, तूरडाळ, केळं सगळं लालेलाल. आईने बिचारीने सगळं बंद केलं आणि पोरगं वाळत गेलं. कोल्हापूरच्या बाईंना दाखवलं तर त्यांनी कागद घडी करून परत दिला. त्या तपासणीत आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात, आणि ती आपण जे रोज खातो त्याचीच वाढलेली असतात. माणूस काय जेवतो ते त्यातून कळतं, काय बाधतं ते नाही. अमेरिका, कॅनडा, युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ॲलर्जी ओळखायला ही तपासणी वापरू नका असं केव्हाच सांगितलेलं आहे. ॲलर्जीसाठी बघायचं ते आयजीई नावाचं वेगळं प्रतिपिंड, तेही संशय असलेल्या पदार्थांचंच.

धाकट्याचं प्रकरण पूर्ण वेगळ्या वळणाचं. त्याला पावसाळ्यात जुलाब झाले, तो बरा झाला, ताप गेला, पण दूध प्यायला की आंबूस वासाची पाणीदार शी, पोट ढमढम, बूड लाल. थोरलीचा अनुभव ताजा असल्याने घरात लगेच "ह्याकापण ॲलर्जी" सुरू झालं, आणि शेळीचं दूध द्या म्हणून सल्ले आले. पण अंगावर काही नाही, ओठ नाही, उलटी नाही. शिवाय दोन चमचे दूध चालायचं, कपभर नाही. दहीभात तर मजेत. इथे प्रमाणाचा प्रश्न होता. थोरलीला काजूचा नुसता रस्सा पुरला होता.

जुलाबात आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य त्या अस्तरावरच असतं. अस्तर पुन्हा भरेपर्यंत दुधातली साखर तशीच पुढे जाते, आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, आणि वायू नि जुलाब होतात. काही आठवड्यांचं काम. बालरोगतज्ज्ञांनी झिंकचं औषध चौदा दिवस दिलं, दूध कमी करून दही-ताक ठेवायला सांगितलं, आणि महिन्याभराने दूध हळूहळू वाढवलं. आता पेलाभर पितो. शेळीच्या दुधाने इथे काही साधलं नसतं, कारण साखर त्यातही तीच. आणि ज्या बाळाला गाईच्या दुधाच्या प्रथिनाची खरी ॲलर्जी असते त्यालाही ते चालत नाही, कारण प्रथिनं फार मिळतीजुळती असतात. म्हशीच्या दुधाचं तेच. ए-टू दुधाचंही तेच, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

गव्हाबद्दल एकच सांगते, कारण माझ्या मामेबहिणीच्या मुलीच्या बाबतीत चूक होता होता राहिली. मुलगी फिकी, उंची वाढत नाही, पोट पुढे. कोणीतरी म्हणालं गहू बंद करून बघ. सुदैवाने तिने आधी डॉक्टरांना विचारलं. सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं बिघडण्याचा आजार, आणि त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच बंद केला तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. तिला तो आजार निघाला. आता भाकरी, तांदूळ, वरई, राजगिरा. उपासाच्या दिवशी तिची चैन असते. हिंगात मैदा असतो हे मात्र घरात कोणाला माहीत नव्हतं. फोडणीच्या डब्यातला तो शेवटचा चोर. हा आजार उत्तर भारतात जास्त आढळतो, दक्षिणेकडे कमी, पण आपल्याकडे नाहीच असं धरून चालणारे डॉक्टर मी पाहिले आहेत.

आता थोरली दुसरीत आहे. घरात काजू आहे, युनिटात काजू आहे, सणाला भेट म्हणून काजू जातो. नवरा युनिटवरून आला की हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच तिला घेतो. स्वयंपाकघरात काजू येत नाही, सासूबाईंनीच तो नियम केला. ओल्या काजूगरांची उसळ मागीलदारी चुलीवर होते, भांडी वेगळी. पाकिटावर बघणं सोपं आहे, कारण खाद्यसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार काजू-बदामासारखे कवची मेवे, शेंगदाणे, दूध, अंडं, मासे, सोयाबीन, ग्लूटेनवालं धान्य हे सगळं वेगळं लिहावं लागतं. अडचण सुट्या मिठाईची, लग्नातल्या रश्श्यांची आणि प्रसादाची. प्रसाद नाकारायचा कसा, हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. कपाळाला लावायचा आणि माझ्या हातात द्यायचा.

शाळेत बाईंना एक कागद दिला आहे. अंगावर नुसत्या गांधी आल्या तर सिरप आणि मला फोन. पण आवाज बसला, खोकला लागला, श्वास घरघरला, उलट्या थांबेनात किंवा पोर मलूल पडलं, तर सिरपची वाट बघायची नाही. ते औषध खाज कमी करतं, श्वासनळी उघडत नाही. तिथे ॲड्रेनालिनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात त्याची तयार पेनं सहज मिळतात. आपल्याकडे ती मिळवणं कठीण. मला डॉक्टरांनी ॲम्प्यूल आणि बारीक सिरिंज दिली, तिच्या वजनाप्रमाणे किती भरायचं त्याची खूण करून दिली आणि संत्र्यावर टोचायला शिकवलं. वजन वाढलं की खूण बदलून घेते. टोचलं तरी १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यायचंच, आणि तोवर तिला आडवं ठेवायचं, श्वास लागत असेल तर बसवायचं.

नणंदेला गेल्या वर्षी मुलगा झाला. ती म्हणाली, भाचीला असं आहे, मी बाळाला शेंगदाणे-काजू तीन वर्षं दाखवतच नाही. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं, कारण आता सल्ला बरोबर उलटा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या सहाशेवर बाळांपैकी निम्म्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणा सुरू केला आणि निम्म्यांना पाच वर्षं टाळायला सांगितला. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत सतराएक टक्क्यांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत तीनेक टक्क्यांना. आमच्या आज्या बाळाच्या भाताच्या पेजेत दाण्याचं बारीक कूट घालत, ते काही वाईट नव्हतं म्हणायचं. फक्त अख्खा दाणा किंवा काजू पाच वर्षांच्या आत नको, घशात अडकतो. नणंदेच्या मुलाने दोन्ही खाल्लं, वाटून, पातळ करून. काही झालं नाही. धाकट्यालाही आम्ही असाच काजू दिला होता, आईकडे नेऊन. त्याला चालतो, आणि तो तिकडेच खातो.

थोरलीचं पुढे काय, हे कोल्हापूरच्या बाईंना विचारलं होतं. दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वयाबरोबर जाते. काजूची कमी जणांची जाते. अधूनमधून पुन्हा तपासत राहायचं. पिस्ता तिने अजून एकदाही खाल्लेला नाही, फक्त हात म्हणाला आहे की नको. तेव्हा येत्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागली की, कोल्हापूरला पिस्त्याची परीक्षा ठरली आहे. सकाळी रिकाम्या पोटी नाही, हलका नाश्ता करून यायला सांगितलंय, आणि संध्याकाळपर्यंत वेळ काढून. तिने विचारलं, पास झाले तर पिस्त्याचं आइस्क्रीम मिळेल का. मी म्हटलं, आधी त्यात काजू नाही ना ते बघू.